बिल्ल्याची मागची बाजू

समीक्षा म्हटली की ती पुस्तकाची, फार तर नाटकाची, असा आपल्याकडे एक समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात मात्र एका बिल्ल्याची समीक्षा करायची आहे. वाचकांनी दचकू नये. बिल्ला दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकाचा आहे. निदान तसे सांगण्यात येते. आणि 'सांगण्यात येते' हेच या लेखाचे खरे कारण आहे.

गेल्या वर्षी चतुर्थी आटोपल्यावर माझा मामेभाऊ पत्रादेवीचा नाका ओलांडून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला आला होता. त्याचे घर बांद्याजवळ. बाजार करून तो घरी आला, चहा झाला, आणि मग त्याने रुमालात गुंडाळलेली एक वस्तू माझ्यासमोर ठेवली. त्याच्या गावातल्या शाळेत माजी सैनिकांच्या वस्तूंचे छोटेसे प्रदर्शन भरायचे होते. मामांची पदके आणि हा बिल्ला तिथे मांडायचा, खाली एक पुठ्ठ्याची चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवरचा मजकूर मी लिहावा अशी त्याची इच्छा. "दादा, दोन वळी चांगल्या मराठीत लिवन दी," एवढेच काम.

मजकूर काय असावा हेही त्याने सांगितले. मामा बेळगावला मराठा पलटणीत भरती झाले आणि इटलीच्या आघाडीवर गेले. तिथे कोसळलेल्या विमानातल्या जर्मन वैमानिकाच्या छातीवरून त्यांनी हा बिल्ला काढला. त्यावर हिटलरचे स्वस्तिक होते. आपले स्वस्तिक दारावर असते, हे असले घरात नको, म्हणून मामांनी ते स्वतःच्या हाताने घासून टाकले. ही गोष्ट मीही लहानपणापासून ऐकत आलो आहे. ऐकताना प्रत्येक वेळी छाती भरून आली आहे, हेही कबूल केले पाहिजे.

बिल्ला असा: लंबवर्तुळाकार, रुपेरी पानांची माळ, एका बाजूला लॉरेलची पाने, दुसऱ्या बाजूला ओकची. माळेच्या मधली जागा पोकळ. तिच्यावर आडवा, पंख पसरून झेपावणारा काळसर गरुड. गरुड वेगळा घडवलेला असून दोन रिव्हेटांनी माळेला ठोकलेला. मागे उभी पिन. गरुडाचे पंजे रिकामे.

संग्राहकांची एक मोठी दुनिया आहे आणि तिचे स्वतःचे वाङ्मय आहे. अमेरिकन लेखक जॉन अँगोलिया यांचा जर्मन सन्मानचिन्हांवरचा ग्रंथ 1976 पासून निघू लागला. जर्मनीत क्लीटमान यांचे काम 1981 मध्ये आले. त्यानंतर या विषयावर एवढी पुस्तके झाली आहेत की एकेका बिल्ल्याच्या पिनेवर प्रकरणे लिहिली गेली. मी या विषयाकडे वळलो तो मोरमुगांवच्या जर्मन बोटींच्या निमित्ताने, पण वाचता वाचता या लोकांच्या शिस्तीने मला धरून ठेवले. त्यांचा पहिला नियम असा की वस्तू घ्यावी, गोष्ट घेऊ नये. विकणारा आजोबांची कहाणी सांगू लागला की जाणता संग्राहक बिल्ला उलटा करतो आणि मागची बाजू पाहतो. पुढची बाजू कोणीही नकलून काढतो. बनवणाऱ्याचा हात दिसतो तो मागे, बिजागरीत, पिनेच्या आकड्यात, डाग दिला आहे त्या जागी.

हे वाचताना मला राजवाड्यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढणाऱ्या इतिहासाचार्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांना वजन दिले. आपल्या गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरात बसून तेच केले. बखर सुरस असते, पुष्कळदा ती प्रामाणिकही असते. पण ती प्रसंगानंतर लिहिलेली असते आणि लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. कागद बिचारा त्या दिवसापुरते बोलतो. बिल्ल्याचा धातूही तसाच.

धातू काय बोलतो ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्यात आपल्या ओळखीचे पुष्कळ आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लष्करी विमानदल ठेवण्यास मनाई केली होती. 1935 मध्ये हिटलरने ते उघडपणे उभे केले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वैमानिकाचा हा बिल्ला सुरू झाला. सुरुवातीचे बिल्ले ऍल्युमिनियमचे. आपल्या आया-आज्या ज्याला 'जर्मनचे पातेले' म्हणत तोच धातू! पुढे जर्मन सिल्व्हर आले. तांबे, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू, नावात चांदी आणि अंगात चांदीचा कण नाही. युद्ध लांबले तसे तांबे आणि निकेल तोफगोळ्यांकडे वळले, आणि बिल्ले जस्ताचे होऊ लागले. जस्तावरचा मुलामा टिकत नाही. तो उडतो आणि खालून करडा, मेल्यासारखा रंग वर येतो. तेव्हा जस्ताचा बिल्ला चकचकीत दिसला तर शंका घ्यावी. पण करडा दिसला तरी लगेच विश्वास टाकू नये, कारण तो रंग आणण्याच्या युक्त्याही आता बाजारात आहेत.

दुसरी कसोटी ठशाची. अस्सल बिल्ले पोलादी ठशात दाबून काढत. ठशातून निघालेल्या पिसांच्या रेघा भिंगाखाली धारदार दिसतात. नक्कल करणारा अस्सल बिल्ल्यावरून साचा घेतो आणि त्यात धातू ओततो. ओतीव कामात रेघा बोथट होतात, पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या येतात, आणि धातू थंड होताना आकसतो म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. हे कोणत्याही सोनाराला सांगावे लागत नाही. ठशालाही वय असते. वापरता वापरता त्याला तडा जातो आणि तो तडा त्यानंतरच्या प्रत्येक बिल्ल्यावर उमटतो. बर्लिनचा युंकर, ल्यूडेनशाइडचा आसमान, ड्रेस्डेनचा ओझांग अशा एकेका कारखान्याच्या ठशातले दोष या मंडळींना तोंडपाठ असतात. पाठभेदांवरून पोथीचे कूळ ठरवणाऱ्या आपल्या संशोधकांना हे काम परके वाटू नये.

आता गोव्याकडे येतो. आपल्याकडे जर्मन वस्तू विकायला निघाली की तिच्यामागे हमखास एक कथा येते: ती मोरमुगांवच्या बोटीवरची. कथेला आधार आहे. 1939 साली युद्ध पेटले तेव्हा एहरनफेल्स, ड्राखनफेल्स आणि ब्राउनफेल्स या जर्मन मालवाहू बोटींनी तटस्थ पोर्तुगालच्या या बंदरात आसरा घेतला. अँफोरा ही इटालियन बोटही तिथे होती. 9 मार्च 1943 च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या, वय झालेल्या हौशी स्वयंसेवक घोडेस्वारांनी एहरनफेल्सवर चढाई केली. तिचा कप्तान मारला गेला, आणि खलाशांनी चारही बोटींना जलसमाधी दिली. हे प्रकरण पुढे 35 वर्षे जवळजवळ गुप्त राहिले. 1978 मध्ये जेम्स लीझर यांचे पुस्तक आले आणि 1980 मध्ये ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन असल्या नटांना घेऊन 'द सी वूल्व्ह्ज' हा चित्रपट निघाला. त्याचे चित्रण गोव्यातच झाले. एवढे झाल्यावर कोणत्याही जर्मन बिल्ल्याला गोव्यात वंशावळ मिळणे कठीण राहिले नाही.

पण समीक्षकाने येथे थांबावे आणि दोन तारखा समोर ठेवाव्यात. या बोटी व्यापारी कंपनीच्या. त्यांच्यावर खलाशी होते, वैमानिक नव्हते. हा पहिला अडसर एखादा हुशार विक्रेता ओलांडूही शकेल, 'कोणाचा तरी भाऊ वैमानिक असेल' असे म्हणून. दुसरा अडसर त्याला ओलांडता येणार नाही. विमानविरोधी तोफखान्याचा बिल्ला 10 जानेवारी 1941 रोजी सुरू झाला, आघाडीवरील उड्डाणांची पट्टी 30 जानेवारी 1941 रोजी, आणि विमानदलाच्या जमिनीवरील लढाईचा बिल्ला 31 मार्च 1942 रोजी. बोटी तर 1939 पासून बंदरात अडकलेल्या. जी वस्तू जन्मालाच आली नव्हती ती त्या बोटीच्या कपाटात कोठून असणार? धातू तपासण्याचीही येथे गरज नाही, पंचांग पुरते.

भावनेच्या भरात आपण किती सहज फसतो याचे आणखी एक उदाहरण देतो, आणि ते देताना मला स्वतःलाच अवघडल्यासारखे होते. उत्तर आफ्रिकेत पकडल्या गेलेल्या हिंदी सैनिकांतून जर्मनीत आझाद हिंद फौजेची तुकडी उभी राहिली. 1942 मध्ये टोब्रुक पडले तेव्हा मराठ्यांची दुसरी पलटणही कैद झाली होती, त्यामुळे हा विषय आपल्या घरांपासून फार दूरचा नाही. नेताजींनी 1942 मध्ये शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद, शहीद-ए-भारत अशी पदके सुरू केली. ती व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सौवाल या कारखान्याने घडवली. युद्ध संपले, पण कारखाना संपला नाही. त्याने युद्धानंतरही जुनी पदके आणि बिल्ले काढले, त्यांत ही आझाद हिंदचीही होती. तोच कारखानदार, तीच कारागिरी. काळ मात्र दुसरा. अशा पदकाला खोटे म्हणायचे की खरे? संग्राहक म्हणतो, युद्धोत्तर प्रत. मला हा शब्द आवडतो, कारण तो कोणाचा अपमान करत नाही आणि किंमतही वाढवत नाही. पण नेताजींचे नाव निघाले की आपल्यापैकी कितीजण पदक उलटे करून पाहतील?

येथवर मी संग्राहकांची बाजू मांडली. आता माझी तक्रार. ही पुस्तके मागची बाजू पाहा म्हणतात, पण त्यांची मागची बाजू पिनेपाशी संपते. उड्डाणांची पट्टी घ्या. 20 उड्डाणांना कांस्य, 60 ना रौप्य, 110 ना सुवर्ण, असा हिशेब प्रत्येक पुस्तकात मिळतो. ही उड्डाणे कशावर झाली? 26 एप्रिल 1937 रोजी स्पेनमधले गेर्निका हे बाजाराचे गाव जर्मन विमानांनी जाळले, तेही बाजाराच्या दिवशी. म्हापशाच्या माणसाने हे क्षणभर डोळ्यांपुढे आणून पाहावे. 14 मे 1940 ला रॉटरडॅम, 14 नोव्हेंबर 1940 ला कोव्हेंट्री. संग्राहकाच्या भाषेत मात्र बिल्ला 'देखणा' असतो, त्याचा मुलामा 'मोहक' असतो. रसग्रहणाची ही भाषा आपल्या साहित्यसमीक्षेतही पुष्कळ चालली आहे. कलाकृती तेवढी पाहावी, बाकीचे पाहू नये. कवितेच्या बाबतीत तो वाद करता येईल. गरुडाच्या पंजात काय आहे हे न पाहता गरुडाचे पंख वाखाणणे मला तरी जमत नाही.

आणि पंजात होते ते स्वस्तिक. आपण दिवाळीत उंबऱ्यापुढे काढतो, चोपडीच्या पहिल्या पानावर काढतो, नव्या स्कूटरच्या टाकीवरही काढतो. त्यामुळे आपल्या मुलांना ते जर्मन बिल्ल्यावर दिसले की आधी गंमत वाटते, कधी कधी अभिमानही वाटतो. 'बघा, त्यांनी आपलेच घेतले.' हा अभिमान फार धोक्याचा आहे, आणि तो घराघरांत आहे. जर्मनीत ते चिन्ह मिरवणे हा गुन्हा आहे. युद्धातून परतलेल्या जर्मन सैनिकांना आपली सन्मानचिन्हे लावण्याची परवानगी पश्चिम जर्मनीने 26 जुलै 1957 च्या कायद्याने दिली, पण अट घातली की स्वस्तिक काढलेले असले पाहिजे. त्यासाठी कारखान्यांनी नवे ठसे केले. माळ तीच, गरुड तोच, पंजे रिकामे.

वाचकांच्या लक्षात आले असेल. माझ्याही आले होते, भावाने रुमाल उलगडला त्याच क्षणी. पण त्याच्यासमोर ते बोलायला मला दोन दिवस लागले.

ते दोन दिवस मी पळवाटा शोधण्यात घालवले. मामांनी खरेच स्वस्तिक काढले असेल तर? बाजारातल्या ओळखीच्या सोनाराकडे बिल्ला नेला. काही न सांगता विचारले, येथे काही कापले आहे का. त्याने भिंग लावले, नखाने पंजे चाचपले. वैमानिकाच्या बिल्ल्यात स्वस्तिक पोकळ जागेत, गरुडाच्या पंजात लोंबते. ते घासून काढता येत नाही. करवतीने कापावे लागते, आणि कापले की पंज्यांना थोटूक राहते, मुलामा उडतो. सोनार म्हणाला, याला कानस लागलेलीच नाही. पंजे असेच घडवलेत, आणि मुलामा वरून एकसारखा आहे. मग त्याने विचारले, विकायचा आहे का? मी नाही म्हटले.

म्हणजे हा बिल्ला 1957 नंतरचा. मामा 1946 साली पलटणीतून सुटून घरी आले होते. इटलीत, 1944 साली, कोणत्याही वैमानिकाच्या छातीवर तो असणे शक्य नाही.

गोष्ट मात्र कोणी रचली? मी आठवू लागलो तेव्हा ध्यानात आले की मामांच्या तोंडून मी ती कधीच ऐकलेली नाही. मामी सांगायची. मामा अंगणात बसून जाळे विणत असत किंवा विडी ओढत असत, आणि मामी पाहुण्यांना सांगत असे. मामा हो म्हणत नसत, नाही म्हणत नसत. पलटणीतून आल्यावर त्यांनी मुंबईहून बोटीवर खलाशी म्हणून वीसेक वर्षे काढली. पेडण्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक वाडीत असा एक तारवटी निघेल. युरोपातल्या बंदरांत त्यांचे जाणे-येणे होते. बिल्ला त्या काळात केव्हातरी पेटीत आला असावा. का आणला असेल? ज्याच्याशी लढलो त्याची खूण बाजारात टांगलेली पाहून आणली असेल, की कोणा म्हाताऱ्या जर्मनाने बंदरावरच्या गुत्त्यात हातावर ठेवली असेल? दुसरी गोष्ट मला फार आवडते. म्हणूनच ती मी चिठ्ठीवर लिहिणार नव्हतो. एक बखर खोडून दुसरी लिहिण्यात काय अर्थ?

रविवारी मी बांद्याला गेलो. भावाला सगळे सांगितले. ठसा, कायदा, पंजे, सगळे. तो बराच वेळ गप्प राहिला. मोपाकडे उतरणारे एक विमान डोक्यावरून गेले. मग त्याने विचारले, "मगे बाबान ह्यो हाडलो खंयसून?" मी म्हटले, ते धातूवर लिहिलेले नाही. त्याचा राग आला असता तर बरे वाटले असते. त्याला वाटत होते की मी त्याच्या वडिलांना खोटे ठरवले. मी पुन्हा पुन्हा सांगितले की मामांनी कधी तसे म्हटलेच नव्हते, पण मग ते मामीवर जात होते, आणि तेही त्याला सोसत नव्हते.

मी म्हटले, पदके आण. ती पेटीच्या तळाशी तंबाखूच्या डब्यात होती. त्यांच्याबद्दल घरात कोणतीच गोष्ट नव्हती, म्हणून ती कोणी कधी दाखवली नाहीत. सहा टोकांचा काळवंडलेला इटली स्टार, त्याच्या लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीला कसरीने भोके पाडलेली. ब्रिटिश सैनिकांना हे तारे कोरे मिळत. हिंदी सैनिकांच्या ताऱ्यांवर पुष्कळदा नंबर आणि नाव असते. मी तारा उलटा केला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि भावाला उजेडात धरायला सांगितला. त्याच इटलीत, 10 जुलै 1944 रोजी, माणगावकडच्या यशवंत घाडगे यांनी प्राण देऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. एप्रिल 1945 मध्ये सेनियो नदीवर नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाठीवर वाहून आणले. त्यांची नावे इतिहासात आहेत. या ताऱ्याच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरांत एक नंबर होता, शिपाई हा हुद्दा होता, मामांचे नाव स्पेलिंग चुकवून लिहिलेले होते, आणि पुढे मराठा.

भावाने ते अक्षर अक्षर लावून दोनदा वाचले. स्पेलिंगच्या चुकीवर तो हसला. मग म्हणाला, हेच लिही.

मी चिठ्ठीवर ताऱ्यामागचा मजकूर जसाच्या तसा, चुकीसकट, देवनागरीत उतरवला. बिल्लाही मांडायचाच असे त्याने ठरवले. बाबांच्या पेटीतला आहे एवढे तर खरे, असे त्याचे म्हणणे. त्याच्यासाठी मी दुसरी चिठ्ठी लिहिली: 'जर्मन वैमानिकाचा बिल्ला, 1957 नंतरच्या घडणीचा. पेटीत सापडला.' प्रदर्शनात मुलांची गर्दी बिल्ल्यापुढेच होती असे भावाने नंतर फोनवर सांगितले. एका मुलाने विचारले म्हणे, गरुडाच्या पायात पूर्वी काय होते?